गाडी मीच सोडली

भांडण मिटवायला गेले की माझे भावोजी आधी पाणी मागत. चिखल्याच्या किनाऱ्यावर जाळं कापल्यावरून दोन नाखवे एकमेकांच्या अंगावर जात होते, तेव्हा भावोजी त्यातल्या एकाच्या दारात जाऊन म्हणाले, "तांब्याभर पाणी दे रे."

नाखवा वैतागला. "सुभेदार, इथं माझं जाळं फाटलंय, आणि तुम्हाला तहान लागली?"

"लागली. तुझं पिऊन झालं की त्याच्याकडचंही पिणार आहे. घाई असेल तर लवकर आण."

बघे हसले. भांडण त्या दिवशी मिटलं नाही, पण दोघे खाली बसले. मला नंतर कळलं की येताना भावोजींनी पोलीस पाटलालाही आणलं होतं आणि त्याला होडीपाशी उभं केलं होतं. एक शब्दही बोलायचा नाही, अशी अट घालून. "नुसता उभा राहा. दिसलास म्हणजे झालं."

सुभेदार वसंत मेहेर हे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. त्यांची आई डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकायची. ते फौजेत गेले आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शांतिसेनेतून दक्षिण सुदानला जाऊन आले. मी तलासरीच्या शाळेत इतिहास शिकवतो. ते मला मास्तर म्हणत, त्यात थोडा आदर आणि बरीच थट्टा असे. "मास्तर, तुझ्या पुस्तकात लढाई संपते तिथं धडा संपतो. आमचं काम तिथून पुढं सुरू होतं."

निवृत्त होऊन ते परतले तेव्हा आमच्या शाळेत त्यांचा सत्कार झाला. मानपत्र मी लिहिलं होतं. त्यात माझं एक आवडतं वाक्य होतं : "युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशात, एकही जीव न गमावता, सुभेदारांनी बंद पडलेला बाजार पुन्हा सुरू केला." मुख्याध्यापकांनी ते वाक्य आवाज चढवून वाचलं. टाळ्या झाल्या. भावोजी ताठ उभे होते. त्यांच्या जबड्याचा स्नायू हलताना मला दिसला.

रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "हे जीव न गमावण्याचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही बाजाराचं सांगितलं होतं, म्हणून मला वाटलं..."

"वाटलं." ते म्हणाले आणि तोंड फिरवून रस्त्याकडे पाहू लागले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला चिखल्याला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. सांगताना ते ओटीवर येरझाऱ्या घालत होते. मी उठलो की म्हणायचे, "बस. पुरं ऐक."

तिथं एका नदीच्या दोन काठांवर गुरं पाळणाऱ्या दोन जमाती होत्या. देशातलं युद्ध कागदावर थांबलं होतं, पण या दोन काठांमधलं थांबलं नव्हतं. दोघांचा बाजार एकच, नदीच्या उतारापाशी, जिथं पाणी मांडीएवढं असे. तो बाजार बंद होता, म्हणून एका काठाला मीठ मिळत नव्हतं आणि दुसऱ्याला धान्य. भावोजींच्या तुकडीकडे दोन चिलखती गाड्या होत्या, पांढऱ्या रंगाच्या. ते रोज गाडी गावाबाहेर उभी करत, बंदूक दिसेल अशी, पण नळी जमिनीकडे. मग उतरून दुभाष्याबरोबर पायी आत जात आणि पाणी मागत.

"मागं गाडी नसती तर मला कोणी पाणी दिलं नसतं. आणि मी गाडीतून उतरलो नसतो, तर त्या गाडीवर रोज दगड पडले असते," ते म्हणाले.

पलीकडच्या काठावर एक म्हातारी नदीतली मासळी सुकवायची. भावोजींनी तिच्या मांडवावरचा एक मासा उलटा केला, पोटापाशी बोट लावलं आणि दुभाष्याला म्हणाले, "हिला सांग, इथं मीठ कमी पडलंय, अळी होईल." म्हातारीने आधी त्यांच्या गणवेशाकडे पाहिलं, मग माशाकडे. मग ती मोठ्याने हसली. मीठच मिळत नव्हतं, तर घालणार कुठून? भावोजी तिला मावशी म्हणू लागले. तिचा शब्द तिच्या काठावर चालत असे. तिच्याच मध्यस्थीने दोन्हीकडचे वडीलधारे एका झाडाखाली आले. ठरलं ते असं : बाजाराला येताना हत्यारं आपापल्या काठावर, आपल्याच माणसांच्या ताब्यात ठेवायची. आणि उताराच्या दोन्ही टोकांना एकेक पांढरी गाडी उभी राहील.

सहा बाजार सुरळीत पार पडले. सातव्याच्या सकाळी दुसऱ्या ठाण्यावरून निरोप आला, एक गाडी मिळेल का? कॅप्टनसाहेब नवे होते. त्यांनी भावोजींना विचारलं, "सुभेदारसाहेब, तुमचं मत?"

भावोजी म्हणाले, "जाऊ द्या साहेब. आता यांचं यांनाच जमतंय."

इथं ते येरझाऱ्या घालायचे थांबले. "मला वाटलं, बोलणी पक्की झाली. बोलणी पक्की नव्हती रे, गाडी पक्की होती. बोलणी तिच्या सावलीत वाढत होती. आणखी वर्षभर तरी सावली लागली असती."

पलीकडच्या टोकाची गाडी गेली. दुपारी, बाजार भरात असताना, त्याच बाजूने बंदुका घेतलेली पोरं घुसली. ती दोन्ही काठांपैकी कोणाची नव्हती, गुरं लुटायला आली होती. अलीकडची गाडी गर्दीतून हलेना. भावोजी आठ जवानांना घेऊन पाण्यातून धावले, हवेत गोळ्या झाडल्या, पोरं पळाली. पण मासळीच्या ढिगाशेजारी मावशी गोळी लागून मरून पडली होती.

खरा कसोटीचा प्रसंग त्यानंतरचा. मावशीच्या काठाला खात्री होती की अलीकडच्यांनीच दगा केला. तासाभरात तिचा भाऊ शंभरएक माणसं आणि सगळी हत्यारं घेऊन उतारावर आला. अलीकडेही बंदुका निघाल्या. मध्ये पाण्यात भावोजी, दुभाष्या आणि आठ जवान.

भावाने विचारलं, "तू आमच्यात बसून जेवलास. आता सांग, गाडी कोणी हलवली? यांनी पैसे देऊन हलवली ना?"

"वरून हुकूम आला," असं म्हणता आलं असतं. कॅप्टनचं नाव घेता आलं असतं. भावोजी म्हणाले, "गाडी मीच सोडली. यांचा संबंध नाही. माझी चूक झाली."

दुभाष्याने त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, हे सांगू?" "शब्दाला शब्द सांग."

दुभाष्याने तसंच भाषांतर केलं. मग त्या भावाने जमिनीवर थुंकून सांगितलं, उद्या सकाळपर्यंत थांबतो. संध्याकाळच्या आत कॅप्टनसाहेबांनी गाडी परत आणली, तिच्याबरोबर आणखी दोन आणल्या. सकाळी पुन्हा झाडाखाली बसणं झालं. बाजार तीन आठवड्यांनी सुरू झाला.

"खरं बोललो म्हणून एक रात्र मिळाली. गाड्या आल्या म्हणून ती रात्र टिकली. दोन्हीतलं एक काढलं तर हिशेब जुळत नाही, मास्तर. आणि तू लिहितोस, जीव गेला नाही!"

दोन वर्षांनी त्यांना फुप्फुसाचा आजार जडला. तेव्हा त्यांनी हे सगळं लिहून ठेवायला सांगितलं. मी लिहिलं आणि कच खाल्ली. मरणाच्या दारातल्या माणसावर दोष कशाला, म्हणून गाडी हुकुमाने गेली असं लिहिलं. त्यांनी ऑक्सिजनची नळी बाजूला सरकवून ते पान मला परत दिलं. "खोटं आहे. पुन्हा लिही." सुमनताई चिडली, "अरे, बोलायला लावू नकोस त्यांना!" मी पुन्हा लिहिलं. वाचून त्यांनी नुसती मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ते गेले.

डहाणूच्या शोकसभेत पहिल्याच वक्त्याने माझं जुनं मानपत्र वाचायला घेतलं. 'एकही जीव न गमावता' आलं तेव्हा सुमनताईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. पुन्हा लिहिलेलं ते पान मी शेवटपर्यंत वाचलं. कोणीतरी पुटपुटलं, "आजच्या दिवशी हे कशाला?"

सभा संपल्यावर एक चाळिशीचा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. साताऱ्याहून आला होता. "गुरुजी, मी तानाजी शिर्के. ती गाडी मी चालवत होतो. साहेबांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं."

"म्हणजे?"

"कॅप्टनसाहेबांना उत्तर देण्याआधी त्यांनी आम्हाला विचारलं होतं. आम्हीच म्हणालो, साहेब, इथं आता काही होत नाही, उन्हात उभं राहून कंटाळा आलाय. सगळ्यांत आधी मी बोललो." तो पुढे म्हणाला, "नंतर मी त्यांना म्हटलं, माझंही नाव सांगायचं होतं. तर म्हणाले, नावं वाढली की ज्यांच्यावर सूड घ्यायचा ती माणसं वाढतात. एकच पुरे."

मी खिशातून ते पान काढलं. समासात थोडी जागा होती. "हे इथं लिहू?" मी विचारलं. "तुमच्या नावासकट?"

त्याने दाराकडे पाहिलं. तिथं त्याची बायको पिशवी घेऊन उभी होती. मग त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं.

"द्या, मीच लिहितो."