चाटून पाहिलेले वासे

त्या सुताराचा मला अजून राग येतो. बाभुळगावला मुलींच्या वसतिगृहावर तो छप्पर चढवत होता आणि मी त्याच कामावर कारकून होतो. तो लाकूड चाटायचा. वासे तुरटीच्या पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवले की ते लवकर पेट घेत नाहीत, एवढंच त्याचं शास्त्र. "लाकडाले पानी पाजा लागते, वरून पुसल्यानं भागत नाही," असं म्हणून तो रंधा जोरात ओढायचा. जिभेला तुरट लागलेलाच वासा वर जायचा. आम्ही हसायचो.

एकदा ठेकेदाराने नवे वासे पाठवले. तुरटीत भिजवलेत, असं तो म्हणाला आणि मी वहीत तसं लिहून टाकलं. सुतार एकेका वाशाला जीभ लावत गेला, थुंकत गेला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबू, हे तुमी काहून लिवलं?"

"ठेकेदार म्हणाला म्हणून."

"खाली चूल पेटन, वर पोरी झोपतीन. चाटा!"

"अहो, पण मी..."

"चाटा म्हनतो ना!"

सगळे मजूर बघत होते. संतापाने माझे कान तापले, तरी मी वाकलो आणि वाशाला जीभ लावली. तुरटीचा पत्ता नव्हता. मी वही उघडून ती ओळ खोडली.

"नुसतं खोडू नका," तो म्हणाला. "खाली लिवा, बाबूनं सोता चाटून पाह्यलं."