ताईची आकृती

माझी ताई शास्त्रज्ञांना शिकवते. काय, तर तुमचं जंतूंवरचं संशोधन वाईट माणसाच्या हाती लागलं तर तो त्याचं काय करील, याचा आधी विचार करा. आणि हे शास्त्रज्ञ काय करतात? जांभया देतात! त्याच संस्थेत मी सभागृह सांभाळते, खुर्च्या, माईक, पडदा, चहा. मागच्या दाराशी उभी राहून मी सगळं बघते. एक महाशय तर चक्क घोरले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ताई शांत. "त्यांना वाटतं, आपण रोग बरे करायला निघालोय, आपल्यापासून कुणाला कसली भीती? प्रयोगशाळेत होते तेव्हा मलाही तसंच वाटायचं," म्हणाली.

तिचा एकच नियम. धोका सांगायचा, रीत सांगायची नाही. प्रत्येक वर्गाची सुरुवात ती यानेच करते.

यावेळच्या वर्गात एक तरुण प्राध्यापक होता, भलताच आगाऊ. "मॅडम, ही सगळी पुस्तकी भीती. प्रत्यक्षात कुणाला जमणारे का हे?" सगळे खदखदून हसले. ताईपण हसली, पण घरी आल्यावर धड जेवली नाही. खोली बंद करून बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं पडद्यावर एक आकृती लावली. एक साधंसुधं संशोधन आणि ते घातासाठी उलटं कसं फिरवता येईल, पायरी पायरीनं, बाण काढून. वर्ग चिडीचूप! आगाऊ प्राध्यापक पुढे सरकून बसला. एकानं फोन वर केला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. कधी नव्हे ते तिच्या वर्गात कुणाला काहीतरी टिपून घ्यावंसं वाटत होतं. ताईचा चेहरा नुसता फुलला होता. मागून मी, वेडी, टाळ्या वाजवत होते.

चहाच्या सुट्टीत माझा फोन वाजला. संस्थेचा ग्रुप, त्यात पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळे. ताईची आकृती, आणि खाली त्या प्राध्यापकाचे शब्द, 'मॅडमनी किती सोपं करून सांगितलं!'

मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं वाचलं आणि कप तसाच खाली ठेवला. मग आत जाऊन माईक घेतला. "रीत सांगायची नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. आज मीच ती सांगितली. चूक माझी आहे. कृपा करून फोटो पुसा, आणि कुणाला पाठवले असतील तर आत्ता सांगा."

सगळ्यांनी माना खाली घालून पुसले. प्राध्यापक हळूच म्हणाला, "मी कॉलेजच्या मित्रांनाही पाठवलं, मॅडम. कौतुकानं." ताईनं मान डोलावली. त्याला रागावण्याचं तोंडच उरलं नव्हतं तिला. ग्रुपवरून आकृती काढायला लावली, मग संचालकांना फोन करून सगळं स्वतःच सांगितलं. मला तर तिच्याकडे बघवेना. धरणीनं पोटात घ्यावं असं मलाच वाटत होतं, तर तिचं काय झालं असेल!

वर्ग सुटल्यावर मी खुर्च्या लावायला गेले, तर ती शेवटच्या रांगेत बसलेली.

"तूही वाचलंस ना गं ते?"

"हो."

"तुला कशाला काही कळतंय म्हणा," ती आशेनं म्हणाली. "तुला जंतूंमधलं ओ की ठो कळत नाही. नाही ना कळलं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कळलं, ताई," मी म्हटलं. "सगळं कळलं."