रियाज गप्प बसतो

चाकणच्या रियाज मेकॅनिकचं बुद्धिबळ निम्मं हातात आणि निम्मं तोंडात. गॅरेजात पट मांडला की त्याची टकळी सुरू. "खेळ भावा, खेळ. वजिराचं काय लोणचं घालणार हायस?" समोरचा वैतागतो, चुकतो आणि हरतो. एवढ्या विद्येवर आमच्या क्लबात तो वाघ म्हणून मिरवायचा.

हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेला आम्ही तिघं नागपूरला गेलो: रियाज, गोदामं भाड्याने देणारा रोहिदास आणि मी. निघताना रियाज साऱ्या चाकणला सांगून बसला, "एक तरी डाव मारल्याशिवाय गॅरेजचं शटर उघडणार न्हाई." पण तिथे बोलायला बंदी. गप्प बसलेला रियाज रोज हरत गेला. वर दोनदा पुटपुटला म्हणून पंचांनी तंबी दिली, आता एक शब्द आला तर डाव गेला समजा. ही तंबी रोहिदासलाही ठाऊक होती.

शेवटच्या फेरीत रियाजची गाठ पडली ती नेमकी रोहिदासशी. एवढा प्रवास करून शेजाऱ्याशीच खेळायचं! माझा डाव मी लवकर हरून मोकळा झालो होतो, म्हणून मजा बघायला उभा राहिलो.

रियाज खरंच छान खेळत होता. रोहिदासचा राजा उघडा पडला, तसा त्या पठ्ठ्याने खोडसाळपणा सुरू केला. घोडा मुद्दाम पार कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि रियाजकडे बघून गोड हसला. गॅरेजात या चालीवर रियाज पाव तास बोलला असता. इथे त्याने ओठ आवळले, कान लाल झाले. मग रोहिदासने उंट फुकट दिला. रियाजने तो मारला आणि रुमाल दातांत धरला. मला त्याची फार दया आली.

पुढच्या चालीला रोहिदासने तोच घोडा उचलून होता तिथे परत आणला. रुमाल गळून पडला.

"आरं, मग गेलाच कशाला व्हता तो? चहा प्यायला?"

हॉलभर ऐकू गेलं. पंच तरातरा निघाले. रियाज पांढराफटक पडला. रोहिदासला आयता गुण मिळत होता, त्याचसाठी तर हा सगळा उद्योग. पण त्याने रियाजचं तोंड बघितलं आणि पंच पोचायच्या आत आपला राजा आडवा करून हात पुढे केला.

"डाव संपल्यावर बोलला, सर. मी हरलोय."

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी बेधडक मान डोलावली.

मला वाटलं, आता रियाज त्याला मिठी मारणार. रियाज मात्र बाहेर पडल्या पडल्या रोहिदासवर खेकसला, "डाव कशाला सोडलास रे? मात द्यायची व्हती मला!"