बुटकी गाडी

गाडीची उंची कमी करून आणली त्या दिवसापासून मला धड बसवेना. दर थोड्या वेळानं उठायचो, अंगणात जायचो आणि चाक अन् पत्रा यांच्या फटीत बोटं घालून पाहायचो. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या होत्या. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर गाडी अशी जमिनीलगत, ऐटीत पळायची की मीच माझ्यावर खूश. पण बहिणीचं लग्न होतं मौद्याकडच्या आमच्या गावात, आणि तिनं हट्ट धरला होता, "दादा, माही पाठवणी तुह्याच गाडीत. अनोळखी गाडीत मले मोकळं रडता येणार नाही."

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"हे खाली बसली काहून गा?"

"फॅशन हाये, बाबा."

"चांगली उभी होती, तं बसवली. अन् ब्रेकरवरून कशी नेशीन?"

ब्रेकर म्हणजे बाबांचा ब्रेकर. बहीण शाळेत असताना गावाच्या तोंडाशीच रेतीच्या टिप्परनं तिची सायकल उडवली होती. पाय मोडला, सगळी दिवाळी नागपूरला धंतोलीच्या दवाखान्यात गेली. ती घरी आल्यावर बाबांनी कोणालाही न विचारता सिमेंट-गिट्टी आणली आणि रस्त्यावर उंबरठ्यासारखा ब्रेकर घातला. ट्रॅक्टरवाले भांडले, साहेब लोक येऊन बोलून गेले. बाबा ढिम्म. उलट दर पावसाळ्यानंतर त्याला नवा थर द्यायचे, त्यामुळे बहिणीसोबत तोही वाढत गेला. एकटा असलो की मी गाडी तिरपी घालून, श्वास रोखून कशीबशी पार करत असे.

मंगलाष्टकं चालू होती आणि मी अक्षता हातात धरून माणसांची वजनं जोखत होतो. जावई खात्यापित्या घरचे. पाठराखीण म्हणून मावशी जाणार होती, आणि नंतर पंगतीत तिच्या पानात तिसऱ्यांदा बुंदी पडली ती मला बघवेना. डिकीत लाडू-करंज्यांचे डबे. लोक म्हणत होते, भाऊ किती हळवा झाला आहे. मला फक्त ब्रेकर दिसत होता.

पाठवणीच्या वेळी बाबा सापडेनात. कोणी गोठ्यात पाहून आलं, कोणी मांडवामागे. बहीण रडता रडता मान उंच करून शोधत होती. "जाऊ दे माय, त्याहीले नाही पाहवत," आई म्हणाली आणि तिनंच गाडीचं दार लावलं. मला बाबांचा रागच आला. पोरीला तोंड न दाखवता पाठवायचं, ही कुठली रीत?

ब्रेकरशी आलो, गाडी तिरपी घातली. पुढचा बंपर कर्रकन घासला. जावई उतरले, मावशी उतरली. तरी घासलाच. मी मागे घ्यायला गिअर टाकला तर मावशी बाहेरून काचेवर हात आपटू लागली. आमच्याकडे गावाची शीव ओलांडेपर्यंत पाठवणीची गाडी मागे फिरवत नाहीत आणि नवरीनं खाली पाय टेकवायचा नाही. शीव होती पुढच्या नाल्यापाशी. आयुष्यात तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं होतं.

तेवढ्यात कडेच्या बाभळीखालून बाबा उठले. डोक्याला लग्नातला फेटा, हातात सब्बल, लोखंडी पहार. ते केव्हाचे तिथं येऊन बसले होते. ब्रेकरचा एक टवका उडालेला होता. बहुधा एक घाव घालून तिथंच त्यांचा हात थांबला असावा.

खिडकीकडे न बघता त्यांनी पुन्हा घाव घातला. मागून आलेली पोरं पुढे झाली, त्यांना हातानंच मागे सारलं. सिमेंट फुटू लागलं.

बहिणीनं काच खाली केली. "बाबा, राहू द्या ना. टिप्पर जोरात येतीन."

"येऊ दे. जिच्यासाठी घातला, तेच चालली."

ब्रेकरचा माथा फुटला तेव्हा त्यांनी सब्बल टाकली, खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला आणि हमसून हमसून रडले. तीही रडली, अगदी मोकळं. स्टिअरिंगवर डोकं टेकून मीही. मग गाडी कुठंही न घासता पार झाली.

मांडवपरतणीच्या आधीच मी मूळच्या स्प्रिंगा पुन्हा बसवून घेतल्या. तिला आणायला सकाळी निघालो, तर बाबा ब्रेकरवर बसून थापीनं ओलं सिमेंट सारखं करत होते. एका बाजूला गाडीपुरती जागा सोडली होती.

"जातानी इथून काढ," ते म्हणाले. "परत येईस्तोवर हेही भरून टाकतो."

"मंग ओल्यावरून गाडी कशी आणू, बाबा?"

"पलीकडंच थांबव. ते पायी येईन." त्यांनी थापी पाण्यात बुडवली. "आता खाली उतरता येते तिले."