चंद्रभागाबाईंच्या पांढऱ्या गोळ्या

विंचूरच्या कांद्याच्या खळ्यावर चंद्रभागाबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कांदा निवडायला बसलेल्या बायका त्यांच्या नुसत्या बघण्याने गप्प व्हायच्या. पण टरफलांची धूळ उडाली, की बाईंची छाती शिट्टी वाजवायची. मग ढुंढिराज डॉक्टरांचा दवाखाना, एक सुई आणि पुडीतल्या बारक्या पांढऱ्या गोळ्या.

गोळ्यांनी आराम पडायचा, हे काही खोटं नाही. दोन दिवसांत बाई पुन्हा खळ्यावर हजर. म्हणूनच तर वर्षानुवर्षं कोणी काही विचारलं नाही. तोंड सुजलं, साखर वाढली, आणि यंदा पाटी उचलायला वाकल्या तर पाठीचा मणकाच दबला. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडं पोकळ झालीत, आणि आता त्या एकदम सोडताही येणार नाहीत. दम्याला रोज ओढायचा पंप असतो, तो कसा नाही दिला कोणी?

बाई तणतणत ढुंढिराज डॉक्टरांसमोर येऊन बसल्या.

"अहो, इथे पंप लिहिला की माणूस घाबरतो," डॉक्टर म्हणाले. "सवय लागते म्हणतो, शेवटचा उपाय म्हणतो, आणि दुसऱ्या दवाखान्यात जातो. मी तरी काय..."

बोलता बोलता त्यांनाच ठसका लागला. खोकला काही थांबेना. त्यांनी पाठ फिरवली, ड्रॉवर ओढला आणि सराईतासारखा पंप तोंडाला लावला.

बाई बघतच राहिल्या. "तुम्हालाबी दमा हाय?"

"हो. लहानपणापासून."

"अन् ह्या गोळ्या?"

"मी नाही घेत."

का, हे बाईंनी विचारलं नाही. हाडांचं काय होतं ते डॉक्टरांना माहीत होतं, म्हणूनच ते घेत नव्हते. रागाने बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही पंप घेतला नसता, चंद्रभागाबाई."

"इचारलं व्हतं का कधी?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "थांबा, कसा ओढायचा ते शिकवतो. तेवढं दार लावतो."

पाठ धरून बाई उठल्या आणि त्यांनीच दार सताड उघडलं. बाहेर बाकड्यावर खोकत बसलेली माणसं आत बघायला लागली.

"हितं शिकवा, सगळ्यांच्या म्होरं," बाई म्हणाल्या. "अन् आधी तुम्ही वढून दाखवा."