लग्नपत्रिकेच्या जाडीची फट

आमच्या जीपच्या इंजिनाच्या हेडमध्ये कसलाही दोष नव्हता. तो मी चार तासांत, स्वतःच्या हाताने, अत्यंत काळजीपूर्वक तयार केला.

शिनोलीला माझ्या धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. मी नवरीचा एकुलता एक मामा, म्हणजे तिला मांडवात घेऊन यायचं काम माझं. (ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही!) आणि नेमकी आदल्या दिवशी, येडगावात आमच्या दारात, जीप पाणी पिऊन पांढरा धूर ओकायला लागली.

बबन मिस्त्रीने येऊन हेड उतरवलं. हेड म्हणजे इंजिनावरचं जड लोखंडी झाकण. ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये पातळ गॅस्केट असतं, ते जळालं होतं. बबनने हेडचा तळ पुसला, त्यावरून बोट फिरवलं.

"कायबी न्हाई, भाऊ. नवं गॅस्केट टाकतो, दोन तासांत गाडी चालू."

"हा ओरखडा?"

"डाग हाय नुसता."

"किती खोल?"

"आता डागाची खोली कोन मोजतं, राव!"

मी मोजतो! मी स्टीलची पट्टी शोधायला घरात गेलो. कपाटात नाही, टेबलावर नाही. शेवटी स्वयंपाकघरात झाऱ्या-उलथन्यांच्या शेजारी सापडली. (ती तिथे काय करत होती, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.)

पट्टी हेडवर उभी धरली, मागून बॅटरी लावली. मधोमध उजेड! फटीतून वर्तमानपत्राचा कागद सहज गेला. वहीचा कागद गेला. भाचीची लग्नपत्रिका घातली, ती गच्च बसली.

"बबन, लग्नपत्रिकेच्या जाडीची फट आहे!"

"माझं बोट न्हाई म्हनतंय, भाऊ."

"बोटावर आकडे असतात का?"

बबनने माझ्याकडे, पट्टीकडे आणि पत्रिकेकडे पाहिलं. "मला ओतूरला दुसरं काम हाय. सकाळी येतो. तवर तुमचं मोजून हुद्या."

हिशेब सरळ होता. मधे खोल, म्हणजे कडा उंच. कडा उंच, म्हणजे कडा घासायच्या. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि बसलो. दर पन्नास घाशांनंतर एक मोजणी.

"अहो, बॅग भरायचीय!" आमची ही ओरडली.

"थांब, आता पत्रिका जात नाही!"

"कुठं जात नाही? सगळ्यांना पोचल्या की!"

संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्राचा कागदसुद्धा अडकला. उजेड बंद! मी शोभाला फोन लावला. "शोभे, हेड असं सपाट केलंय..."

"दादा, हेडचं राहू दे. तू येतोयस ना?"

"बाराला दहा कमी असताना मांडवात हजर!"

सकाळी बबन आला. हेडवरून बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"भाऊ, ह्याला पोट आलंय!"

मी शांतपणे पट्टी लावून दाखवली. फट शून्य. बबन स्वतःच्या बोटाकडे संशयाने पाहू लागला. इतक्या वर्षांचं बोट, एका पट्टीपुढे नापास! तेवढ्यात ही नवी पैठणी सावरत बाहेर आली.

"ती पट्टी झाली का मोजून? जागेवर ठेवा. चुलीवरच्या पातेल्याची काजळी मी तिनंच खरवडते."

"कधीपासून?"

"झाली की चार वर्षं. एक बाजू झिजून अशी आत गोल झालीय, पातेल्याच्या बुडाला अगदी चपखल बसते."

बबनने माझ्या हातातली पट्टी घेतली, उलटली आणि न झिजलेली बाजू हेडवर टेकवली. पट्टी सी-सॉसारखी डुलायला लागली. इकडून उजेड, तिकडून उजेड!

"वहिनी," बबन गंभीरपणे म्हणाला, "ह्यांनी हेडचं पातेलं केलंय."

आता हेड नारायणगावला मशीनवर नेऊन सपाट करायला हवं होतं आणि ते संध्याकाळशिवाय मिळणार नव्हतं. घड्याळात दहा पाच. बबन रस्त्यावर धावला आणि टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांचा एक पिकअप अडवला. ड्रायव्हर मंचरपर्यंतच जाणारा, पण ‘नवरीचा मामा’ म्हटल्यावर शिनोलीपर्यंत यायला तयार झाला. ही पुढे केबिनमध्ये. मी मागे, फेटा बांधून, क्रेटांवर.

शिनोलीत उतरलो तेव्हा बारा एकतीस झाले होते. माइकवर गुरुजींचा आवाज टिपेला पोचला होता. "मुलीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं! मुलीचे मामा! अहो, कुणी तरी मामा शोधा!"

मी धावलो. दाराशी शोभा उभी होती, डोळे भरलेले. मला पाहताच ते आटले आणि लाल झाले.

"बाराला दहा कमी ना रे, दादा?"

"मामा, हात!" भाची किंचाळली. हेड हाताळून माझे दोन्ही हात अजून कोपरापर्यंत काळे. शेवटी हातांना उपरणं गुंडाळून, गरम पातेलं उतरवावं तसं मी नवरीला धरून मांडवात नेलं. अक्षता पडल्या. शोभा हसली.

पंगतीत शेजारी शोभाचे व्याही, म्हणजे नवरदेवाचे वडील बसले होते. लग्न शोभानेच जमवलेलं, त्यामुळे त्यांची-माझी ही पहिलीच निवांत गाठ. तोवर पट्टीची गोष्ट आमच्या हिने अर्ध्या मांडवाला सांगितली होती. व्याही पोट धरधरून हसले.

"लई भारी, पावणं! बरं, तुमी करता काय?"

"शेतजमिनींची मोजणी. खासगी."

व्याह्यांचं हसू हळूहळू थांबलं. हातातली जिलेबी त्यांनी परत पानात ठेवली.

"दोन सालामागं आमच्या शेजाऱ्यानं बांध मोजायला एक मानूस आनला व्हता. आमची तीन फूट जमीन त्याच्याकडं गेली. ते तुमीच का?"

मी मठ्ठ्याचा पेला तळापर्यंत रिकामा केला.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायला येतो," मी म्हणालो. "टेप मात्र तुमची आणा."