अण्णा, वेणी सोडा
पाणी शिंपडलेल्या सुती कापडावर इस्त्री फिरली की येणारा वास मला फार आवडतो, म्हणून निवृत्तीनंतर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना मीच इस्त्री करते, कॉफी पीत, सावकाश. लहानपणी आमच्या अंगालाच हा वास असायचा. राजाजीनगरात मोठ्या काकांच्या शिलाईच्या दुकानामागे एका खोलीत आम्ही राहायचो आणि काका देतील त्यात भागवायचो. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी मी दुकानातून बाहेर पडत होते, तर काकांनी माझी वेणी धरून मला मागे ओढलं. "कलेक्टरीणबाई, काज-बटण कोण करणार?" म्हणत त्यांनी माझं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फुटला. बाबा शेजारी कोटाला इस्त्री करत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, वेणी सोडा." काका हसले. "नाही सोडली तर?" बाबांनी कोळशाची तापलेली इस्त्री उचलली आणि काकांच्या टेबलावरच्या दुसऱ्या हातावर ठेवली. कातडी चरचरली, काका गुरासारखे ओरडले, आणि धावत आलेल्या चुलतभावांनी कापड मोजायच्या लाकडी गजानं बाबांचं डोकं फोडलं. आमची भांडीकुंडी रस्त्यावर फेकली गेली. रक्त डोळ्यांत उतरत असताना बाबा माझ्यावरच खेकसले, "बघत काय उभी राहिलीस? बस चुकेल." मी गेले, आणि फुटक्या ओठानं हजेरी दिली. त्या दिवसानंतर बाबांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून दिवस काढले. मी बी.ए. झाले, शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.